मशीनची साक्ष

आमच्या तालुक्यात कसलंही प्रशिक्षण आलं की मला धाडतात. बाकीच्या गुरुजींना शेती आहे, माझ्याकडे फक्त स्कूटर. त्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण आलं. मुलांना ती जबाबदारीनं वापरायला शिकवा, असा वरून आदेश होता. हिंगोलीच्या एका हॉलमध्ये आम्हाला दोन दिवस बसवलं. व्याख्याता कोट घातलेला तरुण होता. दोनदा वीज गेली, तेव्हा त्यानं जगाचं भविष्य तोंडी सांगितलं. निम्मे शिक्षक पोह्यांची वाट बघत होते आणि उरलेले पोहे खाऊन पेंगत होते. मी एकटाच वही भरत होतो. त्यातल्या एका वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या: मशीन सांगेल ते खरं धरू नका, पडताळून बघा.

आमची शाळा कुरुंद्याच्या पलीकडे, हळदीच्या शिवारात. घरागणिक एक फोन आणि तो बापाच्या खिशात. तरी पोरं माझ्यापुढं चार पावलं होती. एकानं रजेचा अर्ज मशीनकडून लिहून आणला. गावात बर्फ पडल्यामुळे रस्ते बंद आहेत, असं त्यात कारण होतं. मी त्याला वर्गापुढं उभं करून तो अर्ज मोठ्यानं वाचायला लावला. वर्ग खदाखदा हसला. आपण फार थोर कार्य करतोय, असं मला तेव्हा वाटत होतं.

मग तालुक्याची निबंध स्पर्धा आली. विषय होता ‘माझ्या घरातलं विज्ञान’. दहावीतल्या एका मुलीनं हळद शिजवण्यावर लिहिलं. ही मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही. दहावीनंतर तिला हिंगोलीला मावशीकडे राहून सायन्स करायचं होतं. बापाचं मन होय-नाही करत होतं. ‘सर म्हणतील तसं करू,’ असं तो मला दोनदा म्हणाला होता. शिक्षकाला चढायला एवढं पुरतं.

निबंध असा होता. आता गावात वाफेचा कुकर भाड्यानं येतो, ड्रममध्ये हळद भरतात, कुकरवाला घड्याळ बघून ड्रम उतरवायला सांगतो. आई घड्याळ बघत नाही. वाफेचा वास बदलला की ती खराट्याची काडी हळदीच्या गड्ड्यात टोचून शिजली का ते बघते. वास कधी बदलतो, हे तिला विचारलं तर तिला सांगता येत नाही, म्हणून मी तीन दिवस ड्रमाशेजारी उभी राहून वही केली.

वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. इतकं नेटकं लिहिणं या मुक्या पोरीचं कसं असेल? मी फोन काढला, निबंध त्यात उतरवला आणि मशीनला विचारलं, हे तू लिहिलंस का? उत्तर आलं, ‘हो, हा निबंध मी लिहिला आहे. त्यात काही सुधारणा करू का?’ झालं, मला साक्षीदार मिळाला. त्या दोन रेघा मारलेली वही समोरच्या टेबलावर होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

तिला ऑफिसात बोलावलं. दोन शिक्षक चहा पीत बसले होते, त्यांच्यादेखत विचारलं.

“न्हाई सर, मीच लिवलं,” ती म्हणाली.

“अगं, मशीननं कबूल केलं. तू काहून कबूल करीना?”

ती गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजे कबुली, हा आमच्या खात्याचा जुना कायदा. निबंध मी पाठवला नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं, पण कुरुंद्याच्या बाजारात तिचा बाप चहाच्या टपरीवर भेटला. चार लोक बसलेले, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला: “पोरगी फोनवरून उतरवून राहिली. हितं असं, तं हिंगोलीत काय करंल?” त्यानं अर्धा कप तसाच ठेवला आणि तो उठून गेला. मला वाटलं, जबाबदार शिक्षकाचं काम केलं.

आठवड्यानं ती मुलगी आपण होऊन ऑफिसात आली. भिंतीवर निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांचं मानपत्र टांगलेलं आहे. तालुक्यात कुणीही निवृत्त झालं की मानपत्र मीच लिहितो, आणि हे तर अशा मशीनचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हाचं. तिनं माझा फोन मागितला, मानपत्राचा फोटो काढला आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर आलं, ‘हो, हे मानपत्र मी तयार केलं आहे. ते अधिक भावपूर्ण करू का?’

तिनं फोन टेबलावर ठेवला. “सर, मला हळदीचं एक इचारलं असतं तं मी सांगितलं असतं. तुमी त्यालाच इचारलं.”

मला लाज वाटली. ती लपवायला मी चष्मा पुसत बसलो. स्पर्धेची मुदत संपली होती.

संध्याकाळी तिच्या शेतात गेलो. बाप ड्रमाजवळ उभा होता, वाफेत त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं. मी सगळं सांगितलं: मशीन खोटं बोललं, लेकरानं स्वतः लिहिलंय, तिला हिंगोलीला पाठवा.

तो म्हणाला, “तिच्या मावशीला न्हाई म्हणून कळवलं म्या. मशीन खोटं बोललं, बराबर हाय. पर सर, बाजारात मशीन आलं नव्हतं, तुमी आले होते.”

त्यानं ड्रमाचं झाकण सारलं.

“मंग तितंच येऊन सांगा. चार लोकांत.”

पुढच्या बाजाराला त्याच टपरीवर गेलो, बापही आला होता. मानपत्रात मी भल्याभल्यांना देवमाणूस केलंय, त्या दिवशी सरळ दोन वाक्यं निघेनात. शेवटी म्हणालो, निबंध पोरीचाच होता, मी न बघता तिला चोर ठरवलं, चूक माझी.

बाकावरचा एक म्हातारा म्हणाला, “सर, हे तुमी सोता सांगून राहिले, का मशीननं लिहून दिलं?”

सगळे हसले. बाप हसला नाही. त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथंच उभं राहून मावशीला लावला.