बिनकाट्याचं घायपात

भाऊ वैशाखात गेला. देऊळघाटच्या शेतात पाइपलाइन जोडता जोडता त्याला ऊन लागलं. सापडला तेव्हा शेजारी पाण्याची कॅन रिकामी पडलेली होती. अस्थी नदीत सोडायच्या, तर नदीतच पाणी नव्हतं. म्हणून बांधावर खड्डा करून त्यात ठेवल्या आणि वर आंब्याचं कलम लावलं. हल्ली आमच्याकडे बरेच जण असंच करतात.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि कलम वाळून गेलं. त्या दिवशी आईनं चूल पेटवली नाही.

मी म्हटलं, घायपात लावू, त्याला पाणी लागत नाही. आई म्हणाली, "त्याच्या उशाशी काटे नको लावू, माय." मग शेगावच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीतून बिनकाट्याचं घायपात आणलं. रुंद, मऊ पानं, टोकालाही काटा नाही. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, याले लावून विसरून जा. हे पाण्यानंच मरते."

आई कसली विसरते! विहिरीला पाणी आलं तशी ती रोज बादली ओतू लागली. मी चिडायचे. "आई, सडन ते."

"पाण्याबिना गेला ना माहा लेक," ती म्हणायची. आणि बादली ओतायचीच. शेवटी बुडखा कुजला. पान धरलं की हातात यायचं.

दुसरं लावलं ते मुरमाचा उंचवटा करून, आणि आईलाच बुलढाण्याला माझ्या घरी आणलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचंच होतं. डॉक्टरांनी काही दिवस धूळ टाळायला सांगितली होती, ते दिवस मी ताणत ताणत होळीपर्यंत नेले. तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही.

होळीनंतर बांधावर गेलो. घायपात परातीएवढं पसरलं होतं. मी खुशीत आईकडे पाहिलं. तिच्या हातात घरून भरून आणलेला तांब्या होता. तिनं एकेका पानावरून हात फिरवला.

"माह्याबिना बरं चाललं त्याचं," ती म्हणाली.

एवढे दिवस मी झाड वाचवत होते, आणि तिच्या हातातलं शेवटचं काम काढून घेत होते. मग तिनं तो तांब्या झाडाला न ओतता माझ्यापुढे केला.

"घे, पेऊन घे. उन्हाची आली तू."

मला तहान नव्हती. पण ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मी तांब्या पुरता रिकामा केला.