‘रोही’ परत आली म्हणे

फोन आला तेव्हा बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला, बाबा नुसतं "हं, हं" करत राहिले आणि फोन ठेवून मला म्हणाले, "रोही पुन्हा सुरू केली म्हणते. जुन्या लोकायले बोलावून राह्यले. पण मले काऊन?"

रोही म्हणजे आमच्या वऱ्हाडात नीलगाय. आणि ‘रोही’ ही सोनाळ्याजवळच्या कारखान्यात बनणारी बिअर. माझ्या लहानपणी ती त्या भागातल्या प्रत्येक ढाब्यावर असायची. बाबा तिथे चव तपासायचे. माल बाहेर जाण्याआधी पहिला घोट त्यांचा. मग एका उन्हाळ्यात बाटल्यांना कुबट वास येऊ लागला. क्रेटच्या क्रेट परत आले आणि गेलेलं नाव काही परत आलं नाही. कारखान्याला कुलूप लागलं, आम्ही पुण्याला आलो. रिकाम्या बाटल्या धुण्याच्या विभागात शंकरकाका होते, बाबांचे जिवलग मित्र. त्यांनीच बाटल्या नीट धुतल्या नाहीत, असा बाबांचा संशय. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

आता नव्या मालकाची रोही पुण्यातही मिळू लागली होती. लेबलवर सातपुड्याचं चित्र आणि खाली ‘तेच पाणी, तीच चव’. असे दावे वाचले की मला आधी शंका येते. जुनं नाव विकत घ्यायचं, माल कुठूनही भरायचा आणि म्हाताऱ्यांना बोलावून फोटो काढायचे, एवढाच हा कार्यक्रम असणार. बाबांना एकटं पाठवायचं नाही, हे मी ठरवलं.

पुण्याहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीने सकाळी शेगावला उतरलो. कचोरी कुठे खायची हे मला विचारू नका. जिथे कढईभोवती माणसं उभी आहेत तिथे खा. बाबांनी दोन खाल्ल्या आणि काहीच बोलले नाहीत. एरवी शेजारच्या लग्नातल्या वरणावरही मत देणारा हा माणूस. प्रवासाने दमले असतील, असं मला वाटलं.

सोनाळ्याला जायला वरवट बकालमार्गे एसटी आहे, पण वेळ हाताशी हवा. आम्ही दोन दिवसांसाठी गाडी ठरवली. लोणारचंही नाव काढल्यावर गाडीवाला भाव कमी करायला तयार झाला. वरवट बकालपर्यंत रस्ता बरा, पुढे मधेमधे उखडलेला. फेब्रुवारी होता. शेतांत कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उभ्या, मधूनच संत्र्याची बाग, आणि समोर सातपुडा हळूहळू उंच होत जाणारा.

"बिअरच्या कंपनीत जाऊन राह्यले का?" ड्रायव्हरने विचारलं. "गावातले पोरं लागले तिथं. काम चांगलं आहे म्हणते. पाणी मात्र टँकरचं."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

फाटकाशी खरंच एक टँकर उभा होता. आत निखिल नावाच्या तरुण मालकाने हसून स्वागत केलं. इमारत तीच, पत्रे नवे, टाक्या चकाचक. मी टँकरचं विचारलं. "विहिरीचं पाणी आहेच, ताई. उन्हाळ्याच्या तोंडावर थोडी भर घालावी लागते," तो म्हणाला. मग लेबलवर काय लिहिलंय, असं मी म्हणेपर्यंत तो पुढच्या पाहुण्याकडे वळला होता. कोपऱ्यात कॅमेरा लावलेला दिसला. दारूची जाहिरात करता येत नाही, मग हा कशाला, मी विचारलं.

"आमच्या आठवणीसाठी. बाहेर जाणार नाही," निखिल म्हणाला.

टेबलापाशी पांढरी टोपी घातलेला एक उंच माणूस उभा होता. बाबा दिसताच तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"कसा हायेस बे, दादाराव?"

"बरा हाय," बाबा म्हणाले. एवढंच.

ते शंकरकाका. त्यांचा मुलगा आता याच कारखान्यात होता. म्हणजे कंपनीचं चांगलं व्हावं, यात त्यांचा स्वार्थ होता. हेही मी मनात टिपून ठेवलं.

पेले भरले गेले. निखिलने सगळ्यांसमोर बाबांना पुढे बोलावलं. "ज्यांच्या घोटाशिवाय इथून बाटली हलत नव्हती, त्यांनीच सांगावं."

बाबांनी पेला नाकाशी नेला. घोट घेतला, थांबले, दुसरा घेतला. मग बिअरकडे नाही, समोर पिणाऱ्या शंकरकाकांकडे बराच वेळ पाहत राहिले.

"हीच," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. मीही चाखून पाहिली. थोडी कडू, छान होती. पण बाबा असे झटकन कधी काही मान्य करत नाहीत. त्यांना आधीच कुणी पढवून ठेवलं होतं का, हा विचार माझ्या मनात आला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

जेवायला शंकरकाकांनी घरी नेलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. दोघं शेजारी बसून जेवले, बोलले फक्त पिकांविषयी. मुक्कामाला आम्ही शेगावला परतलो. राहायची सोय तिथे सहज होते.

दुसऱ्या दिवशी खामगाव, चिखली, मेहकर करत लोणार. सकाळी लवकर निघा, अंतर बरंच आहे. गावात आधी दैत्यसूदनाचं देऊळ पाहा, मग सरोवराकडे वळा. काठावरून हिरवट पाणी आणि भोवतीची झाडी दिसते, पण खाली उतरल्याशिवाय त्या खड्ड्याचा आकार अंगावर येत नाही. आम्ही बेताबेताने उतरलो. पाण्याजवळ गेल्यावर असा उग्र वास आला की मी ओढणी नाकाला लावली. भोवतीचे सगळेच नाक दाबून होते. बाबा मात्र अगदी काठाशी जाऊन मोकळा श्वास घेत उभे.

"बाबा, वास नाही येत?"

"कशाचा?"

मी नाकावर धरलेल्या ओढणीकडे बोट दाखवलं. त्यांना कळलं. एका दगडावर बसत ते म्हणाले, "मोठा ताप आला होता ना मले, त्यानंतर गेला वास. चवही गेली. तिखट तेवढं झोंबते."

"मग काल ‘हीच’ म्हणालात ते?"

"पाळी सुटली की मी अन् शंकऱ्या अर्धा-अर्धा गिलास घेत होतो. रोहीच्या पहिल्या घोटाले तो डावा डोळा बारीक करे. दुसरी कोणतीही बिअर पाजा, नाही करणार. काल केला."

"त्यांचा मुलगा तिथे नोकरीला आहे, बाबा. मुद्दाम केला असेल तर?"

बाबांनी पाण्याकडे पाहत मान हलवली. "इतके वर्षं मी हेच करत आलो पोरी. त्यानं मुद्दाम केलं, त्यानं मुद्दाम केलं."

"बाटल्या धुतल्या नव्हत्या, हे तुम्ही पाहिलं होतं?"

"नाही," ते म्हणाले. "कोणाचं तरी नाव घ्याले पाहिजे होतं."

चढून वर येताना ते दोनदा थांबले. मी पाणी दिलं. लोणारहून जालन्याला गेलो आणि तिथून बसने पुण्याला.

आठवडाभरात तो व्हिडिओ माझ्याच फोनवर येऊन पडला: बाबांचा चेहरा, मागे संगीत आणि "हीच". मी निखिलला फोन लावला. कुण्या पाहुण्याने टाकला असेल, म्हणाला. माझा विश्वास नाही. काढून टाकायला लावते म्हटलं, तर बाबा म्हणाले, "राहू दे. खोटं नाही ते."

आता तुम्ही विचाराल की रोही खरंच तीच आहे का, तर मला माहीत नाही. पाण्याबद्दल माझी शंका कायम आहे. सोनाळा बघा, लोणार नक्की बघा, बाटली हवी तर घ्या. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी बाबांना वास परत येण्याची फारशी आशा दाखवली नाही.

पण हल्ली जेवणं झाली की ते गॅलरीत बसून सोनाळ्याला फोन लावतात. काल मी आत भांडी आवरत होते.

"काय केलं होतं आज? भरीत? कसं झालं मग?" बाबा विचारत होते. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "चांगलं झालं म्हणजे काय बे? कांदा कच्चा होता का परतलेला? नीट सांग. मी बसलो आहे."