द्वारकामायला विचारा

द्वारकामायबद्दल लिहा, असं माझी मुलगी कितीदा म्हणाली. प्रत्येक वेळी मी दुसऱ्याच कुणाबद्दल लिहून मोकळा झालो. द्वारकामायबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही लिहावं लागेल, हे मला ठाऊक होतं. आता टाळायला फार वर्षं उरलेली नाहीत.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला, आमच्या शेताला लागून तिचा फुलांचा मळा होता. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. सकाळी ती मळ्यात असे आणि दुपारनंतर आमच्या गल्लीच्या तोंडाशी गोणपाट अंथरून बसे. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले. आमच्या गल्लीचा मात्र त्या गोणपाटावरून चाले. सोयरिकीला आलेले पाहुणे मुलाची चौकशी करू लागले, की जो तो एकच सांगे, "द्वारकामायला विचारा."

पाहुणे आले की ती त्यांच्यापुढे झेंडूचा ढीग लोटायची. "आंधी हात चालू द्या, मंग तोंड." पाहुणे निमूटपणे देठ खुडू लागत. मग ती विचारी, "गोड आयकाचं हाय का खरं? गोड पाह्यजे असन तं समोर हलवायाचं दुकान हाय."

तिच्या नवऱ्याच्या सख्ख्या भाच्याची चौकशी आली तेव्हाही तिचा सूर तोच होता. "पोरगा मनाचा चांगला हाय. पण सूर्य कोनीकून निंघते, हे त्यानं अजून पाह्यलं नाही. पोरगी देयाचीच असन, तं संगं एक कोंबडा द्या." पाहुणे पोट धरून हसले आणि मुलगी दिली. भाचा बरेच दिवस फुगून होता. पण त्याची बायको दर दिवाळीला येऊन द्वारकामायच्या पाया पडायची. "आंधीच सांगतलं होतं मामीनं, म्हून निभलं," असं म्हणायची.

उरलेली फुलं विकताना पुड्यावर हात ठेवून ती बजावायची, "कालचे हायेत बरं." देवालाच वाहायची आहेत, असं कुणी म्हटलं तर म्हणे, "देव बोलत नाही म्हून त्याले शिळे देता का?"

मला पहिल्यांदा फेफरं आलं ते तिच्याच मळ्यात. शुद्धीवर आलो तेव्हा माझं डोकं तिच्या मांडीवर होतं, नाकाशी फोडलेला कांदा होता, आणि भोवती मोडलेली शेवंती होती. माझ्या आईनं तिचे पाय धरले, कुणाला सांगू नको म्हणाली. "मी काहून सांगू? माहं काय दुखलं?" एवढंच ती बोलली. त्यानंतर आई मला औषधाला अकोल्याला, जुन्या शहरातल्या एका वैद्याकडे नेऊ लागली. अमरावतीत कुणाला कळायला नको म्हणून अकोला.

पुढं माझ्या लग्नाचं निघालं, आणि मुलगी नेमकी अकोल्याची सांगून आली. पाहुणे येणार त्याच्या आदल्या दिवशी द्वारकामायनं मला मळ्यात बोलावलं.

"बापू, अजून येते ना तुले फेफरं?"

"येतं कधीमधी."

"जे पोरगी जलमभर उशाशी कांदा घेऊन झोपन, तिले आंधी ठाऊक पाह्यजे का नाही?"

मी पायाशी पडलेला झेंडू उचलून त्याचा देठ खुडू लागलो.

"मी खोटं बोलणार नाही. पण तुही गोठ मी काहून सांगू? तूच सांग. तुह्यावर सोडून राहिली मी."

"सांगतो, माय," मी म्हणालो. तेव्हा सांगणारही होतो.

मुलीचे वडील आधी द्वारकामायकडे गेले, देठ खुडले, आणि मग मला घेऊन विहिरीकडे आले. "त्या बाई म्हणाल्या, पोरगा कष्टाळू आहे. बाकीचं त्यालाच विचारा, तो खोटं सांगणार नाही. तब्येत कशी असते आपली?"

"ठणठणीत," मी म्हणालो.

ते विहिरीच्या काठाला टेकले. "तुमचे वैद्य अकोल्यात आमच्या शेजारीच राहतात. मला आजार ठाऊक होता. तुमच्या तोंडून ऐकायला आलो होतो. सांगितलं असतंत तर पोरगी दिली असती." त्यांनी हात जोडले आणि घरात चहालाही न थांबता स्टेशनकडे निघाले.

घरात एकच गोंधळ उडाला. वडिलांनी विचारलं, "कोणी कान भरले त्यांचे?"

मी म्हणालो, "ते आधी द्वारकामायकडे गेले होते."

वाक्य खरं होतं. त्याच्यापुढं मी काही बोललो नाही, आणि त्या न बोलण्यानंच सगळं केलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की निपुत्रिक बाईनं जळफळाटापोटी कुणब्याच्या पोराची सोयरीक मोडली. बायका भांडायला गेल्या. काय सांगितलंस पाहुण्यांना? "पोराले इचारा म्हणलं," ती म्हणाली. कशाबद्दल विचारा? त्यावर मात्र ती गप्प बसली. स्वतःला सोडवायचं तर तिला माझं फेफरं चव्हाट्यावर मांडावं लागलं असतं.

त्यानंतर पाहुण्यांना कुणी तिच्याकडे पाठवेना. लग्नांतल्या फुलांच्या मुंडावळ्या तिच्याऐवजी दुसरीकडून येऊ लागल्या. मी रस्ता बदलून जात असे. एकदा समोर सापडलोच. तिनं इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकत नाही याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "खिशात कांदा ठेवतं का नाही रे?" दुसरं काही विचारलं नाही.

पुढं चांदूर रेल्वेचं स्थळ आलं. त्या वेळी मी मुलीच्या बापाला पहिल्याच बैठकीत सगळं सांगून टाकलं, आणि लग्न झालं. ते बळ कुणाचं होतं, हे गल्लीत कुणालाच कळलं नाही. माझ्या मुंडावळ्याही दुसरीकडूनच आल्या होत्या.

नोकरीनिमित्त मी गाव सोडलं. वडिलांच्या वर्षश्राद्धाला आलो तेव्हा ठरवूनच आलो होतो. ती त्याच गोणपाटावर बसली होती, पार वाळलेली. पलीकडच्या ओट्यावर गल्लीतल्या बायका तांदूळ निवडत होत्या. मी खाली बसून म्हणालो, "माय, त्या दिवशी खोटं मी बोललो होतो. तुझ्यावर आलं. मला माफ कर."

तिनं कानामागं हात धरला. "आयकू येत नाही बापू आताशा. मोठ्यानं बोल."

ओट्यावरच्या बायकांचे हात थांबले. सगळ्या माझ्याकडं पाहू लागल्या. तेच वाक्य आता मला ओरडून म्हणायचं होतं.

"फुलं दे म्हणतो," मी ओरडलो.

तिनं पुडा बांधला आणि त्यावर हात ठेवला. "कालचे हायेत बरं."