वाकळांचा बंदोबस्त

गेल्या साली गणपतीपासून दसऱ्यापर्यंत मी माझ्या सख्ख्या आईला वाकळांच्या बंदोबस्तात ठेवलं होतं.

आमचा गंगावेशीत दुधाचा धंदा. आईनं पंचाहत्तरी ओलांडली, तरी आमची चंद्री म्हैस चालते ती तिच्याच हाकेवर. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, आणि हाकेसरशी म्हैस मालकामागं येते की नाही यावर घराण्याची अब्रू ठरते. आमची अब्रू आईच्या घशात!

नेमकी गणपतीच्या तोंडावर तिची पाठ धरली. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "हाडं ठिसूळ झालीत. आजी पडता कामा नयेत. आणि..."

'आणि'च्या पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. घरी येऊन जुन्या लुगड्यांच्या जाड गोधड्या, म्हणजे आमच्याकडच्या वाकळा, काढल्या आणि कामाला लागलो. सोप्यात वाकळ, स्वयंपाकघरात वाकळ, न्हाणीच्या दारात दुहेरी वाकळ. पडलीच तर मऊ पडेल! आईला खाटेवर बसवलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं.

"बाळू, मी काय काचंची बरणी हाय व्हय?"

"पाडव्याला चंद्रीला मी न्हेतो. तू बसून ऱ्हा."

"तुझ्या मागनं शेळी बी यायची न्हाय."

"अवं, बसून हाडं कशी घट व्हायची?" आमच्या सुनंदाबाईंनी मध्येच विचारलं. मी बायकोला शास्त्र समजावून सांगितलं. (शास्त्र मला येत नव्हतं, पण आवाज मोठा होता.)

आई खरंच खचू लागली. जेवण कमी झालं, उठताना खाटेचा पाय धरावा लागायचा. ती गोठ्याकडं बघत बसायची आणि दावणीतून चंद्री तिच्याकडं. मला फार वाईट वाटायचं. म्हणून मी आणखी एक वाकळ अंथरली.

दसऱ्याच्या दिवशी सुनंदा ओरडली, "चंद्रीनं दावं तोडलं!" मी धावलो. सोप्यातल्या वाकळेनं माझा पाय धरला, पुढचीनं मला पुढं ढकललं आणि घरात जिथं वाकळ नव्हती अशा एकुलत्या एक फरशीवर मी आपटलो. मनगट मोडलं! मी कण्हत असताना आई उठली, काठीनं वाकळा बाजूला सारत दारात गेली आणि नुसतं म्हणाली, "चंद्रे." गल्लीच्या टोकाला पोचलेली म्हैस मुकाट्यानं माघारी आली.

डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर घालता घालता विचारलं, "घरभर वाकळा कुणी टाकल्या?"

सुनंदानं बिनदिक्कत माझ्याकडं बोट दाखवलं.

"अहो, असल्या सुट्या अंथरुणात पाय अडकूनच माणसं पडतात. आणि त्या दिवशी मी सांगत होते, आजींना रोज चालवा, सकाळचं ऊन द्या, दूध-नाचणी द्या, गोळ्या चुकवू नका. बसवून ठेवलं तर हाडं आणखी ठिसूळ होतात." मग त्या माझ्याकडं बारकाईनं बघू लागल्या. "एवढ्याशा पडण्यानं मोडलं? तुमचीही तपासणी करू. दूध घेता का?"

"विकतो."

"चालता?"

"गाडी हाय की."

रिपोर्ट आला. माझीही हाडं ठिसूळ निघाली! आईनं तो सुनंदाकडून दोनदा वाचून घेतला, दुसऱ्यांदा निव्वळ आनंदासाठी.

वाकळा गुंडाळल्या गेल्या. पाडव्यापर्यंत आई रोज सुनंदाच्या आधारानं उन्हात चालली, नाचणीची आंबील प्यायली, आणि डॉक्टरीणबाईंनी मिरवणुकीला जायची हसत परवानगी दिली. पाडव्याला शिंगं रंगवलेली, कवड्यांची माळ घातलेली चंद्री रस्त्याच्या त्या टोकाला, आई काठी टेकून या टोकाला. मधे हलग्या, शिट्ट्या, हीऽ गर्दी. माझा जीव मुठीत होता. आईनं हाक दिली. चंद्री मान डोलवत सरळ चालत आली आणि आईच्या पुढ्यात थांबली. लोकांनी आईला फेटा बांधला. मी तिथंच रडलो, अगदी उघड्यावर, आणि गर्दीतून आईकडं चालू लागलो.

गर्दीतला एक अनोळखी गडी म्हणाला, "काय म्हातारी हाय ओ पावणं! हाताला प्लास्टर घालून तुमी कुटं निगालाय?"

"मी बी तिचाच," मी म्हणालो.

आता रोज सकाळी आई मला आणि चंद्रीला रंकाळा तळ्यापर्यंत फिरवून आणते. चंद्री पहिल्या हाकेला उठते. मला अजून दुसरी लागते.