म्हातारं माणूस आणा, मग पाइप निवडू

सीबच्या मासळी बाजारात मी एकोणीस वर्षं लिलाव पुकारतोय. माझ्या आवाजाने मेलेली सुरमईसुद्धा दचकते, असं आमची रय्या म्हणते. नवऱ्याबद्दल बायका बोलायच्याच! पण मला आवाजाची हौस आहे हे खरं, आणि त्या हौसेनेच एकदा माझी अक्कल पार खाऊन टाकली होती. ती परत आणून दिली शंबे उस्तादने. त्या माणसाचे उपकार काही फिटायचे नाहीत, निदान चार लोकांत बोलून तरी दाखवावेत, म्हणून हे सांगतोय.

शंबे बलुची. शनिवारी जन्मला म्हणून शंबे. माबेलाच्या गॅरेजांच्या गल्लीत अगदी शेवटची शेड त्याची. तो काम एकच करतो, सायलेन्सर. इंजिन नाही, ब्रेक नाही, रंग तर नाहीच नाही. लहानपणी किनाऱ्यावर होड्यांच्या इंजिनांचे पाइप जोडायचा, मग लष्कराच्या वर्कशॉपात वीस वर्षं वेल्डिंग केलं, मग ही शेड. भुवया ठिणग्यांनी जळून गेलेल्या, त्यामुळे तो सदाच आश्चर्यात पडल्यासारखा दिसतो. डावा कान कामाने गेला. उजवा शाबूत आहे, आणि तो लावला की गाडीचं काय दुखतंय ते त्याला कळतं.

शेडच्या भिंतीवर नाव नाही, फोन नंबर नाही. रंगाने एकच ओळ लिहिली आहे: गाडीत घरातलं जे सगळ्यात म्हातारं माणूस बसतं, ते सोबत आणा.

पोरं हसतात. एकदा एक जण म्हणाला, "उस्ताद, आजी वारली माझी."

"मग आजोबांना आण."

"तेही गेले."

"मग तूच म्हातारा होऊन ये. मी इथेच आहे."

असा हा माणूस. गिऱ्हाईक आलं काय, गेलं काय, याला दुधाचा चहा वेळेवर मिळाला म्हणजे झालं.

माझी गाडी जपानी, जुनी, पण टर्बोवाली. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्याच जोरावर फिरणारं पातं, ते इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. मागचा पाइप जितका मोकळा तितकी गाडी पळते, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मीही दुसऱ्या एका दुकानातून सगळा पाइप बदलून घेतला होता. तिथला कारागीर म्हणाला होता, मध्ये जाळीचा लवचिक तुकडा टाकू, इंजिन हलतं तेव्हा तो वाकतो. मी म्हटलं, "काढ तो. त्याने आवाज मरतो. सरळ लोखंडाला लोखंड जोड." त्याने जोडलं. त्याचा काय दोष? लिलावात जसा मी ओरडतो तसाच तिथे ओरडलो होतो.

पुढे शर्यतीच्या गाडीतल्या खोलगट सीटही बसवल्या. त्यात माझी आई, झुवैना, वय बहात्तर, बसेना. "ही खुर्ची आहे का उखळ?" म्हणाली आणि मागे जाऊन बसली. तेव्हापासून तिची जागा मागेच.

आता खरी गोष्ट. आईची सख्खी बहीण, शम्सा मावशी, समाइलला अंथरुणाला खिळली होती. दोघीच उरल्या होत्या त्यांच्या माहेरच्या. दर शुक्रवारी मी आईला घेऊन जायचो. जायला तास लागतो. निघण्याआधी आई गाडीत लुबानचा, म्हणजे सुवासिक धुपाच्या खड्यांचा, धूर फिरवायची. सगळे फिरवतात, त्यात विशेष काही नाही. मग मी माझी काच चार बोटं खाली घ्यायचो, पाइपची गर्जना ऐकायला, आणि मागच्या काचा एसीसाठी घट्ट बंद.

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारपासून आईचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. एकदा तर समाइलला उतरताना तिने मला माझ्या मेलेल्या मामाच्या नावाने हाक मारली.  दवाखाने झाले. साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, डोळे पाहिले. सगळं ठीक. रय्या म्हणाली नजर लागली. एरवी बरी ती बरीच, पण शुक्रवार आला की आडवी! शेवटी आई म्हणाली, "हारिब, आता मी नाही येत. शम्साला सांग, माझं शरीर साथ देत नाही." आणि तोंड भिंतीकडे करून झोपली. बहिणीची भेट तुटली, आणि तीही अशा वेळी, की मावशी आणखी किती दिवस आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि अशा वेळी मी काय केलं? सायलेन्सर बदलायला निघालो! मनाची समजूत अशी की साडेतीन इंची पाइप टाकला तर गाडी आणखी पळेल, तासाचा रस्ता पाऊण तासात कापू, आईला त्रास कमी. गाढवाला गुळाची चव काय? आवाजाची हौस होती, आईचं नाव पुढे केलं, दुसरं काय!

शंबेकडे गेलो तर त्याने भिंतीकडे बोट केलं. रागारागाने घरी आलो, आईला विनवण्या केल्या. "माबेलापर्यंतच चल, दहा मिनिटं." ती आली. येताना लुबान फिरवायला विसरली नाही.

शंबेने पाइपचे तुकडे चटईवर मांडून ठेवले होते. मी अडीच, तीन, साडेतीन इंच करत बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. आईला विचारलं, "मावशी, तुम्ही कुठे बसता?"

"मागे. पुढे उखळ आहे."

"गाडीत बसून कसं वाटतं?"

"डोकं फुटतं रे बाबा."

"कुठे पोहोचल्यावर?"

"फंजाच्या चढाला सुरू होतं."

"उतरल्यावर?"

"खजुराखाली बसले की तासाभरात मोकळं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

शंबेने चहाचा पेला खाली ठेवला. मागचं दार उघडून डोकं आत घातलं आणि कुत्र्यासारखा वास घेत राहिला. मग बाहेर येऊन मला म्हणाला, "हारिब, या गाडीला कसला वास येतो?"

"लुबानचा. कसला येणार?"

"आणि लुबान नसेल तेव्हा?"

 लुबान नसेल अशी वेळच आली नव्हती. आमच्याकडे कुणाच्या गाडीत येते?

त्याने पाइप निवेपर्यंत आम्हाला तासभर बसवलं. मी चुळबुळ करत होतो, तो आईशी जुन्या किनाऱ्याच्या गप्पा मारत होता. मग त्याने पत्र्याचा डबा आणला, त्यात निखारे टाकले, आणि आईपुढे हात पसरला. "मावशी, पिशवीत लुबान असेलच तुमच्या."

"ते काय विचारणं झालं?" आईने मूठभर खडे दिले.

डब्याला त्याने निखारे फुलवायचा छोटा पंखा लावला, डब्याची नळी गाडीच्या मागच्या पाइपात खुपसली आणि भोवती ओली फडकी ठासली. पंखा सुरू केला. लुबानचा पांढरा धूर पाइपात उलटा शिरला. शंबे म्हणाला, "आता मागच्या सीटखालची चटई उचल, आणि बघ."

मी उचलली. खाली पत्र्याला नाण्याएवढं भोक होतं, त्यावरचं रबर कधीचं गळून गेलेलं. आणि त्या भोकातून, माझ्या आईची पावलं जिथे असतात तिथून, धूर वर येत होता. सावकाश, पांढरा, सुवासिक.

शंबे गाडीखाली सरकला होता. तिथूनच म्हणाला, "पाइपला चीर गेलीय, बोट मावेल एवढी. इंजिन हलतं, पाइप हलत नाही. मग फाटणारच. वाकणारा तुकडा कोणत्या शहाण्याने काढला?"

 काखेत कळसा म्हणतात तो हा! सगळे दवाखाने पालथे घातले आणि विष आईच्या पायाखाली होतं. मी काच खाली करून गर्जना ऐकत होतो, आणि ती मागे तोच धूर पीत होती. वास आला असता तर कधीच कळलं असतं, पण त्यावर आमचा लुबान. आम्ही दर शुक्रवारी स्वतःच्या हाताने ती चीर झाकत होतो.

"मी काढला," मी म्हटलं. "मीच सांगितलं होतं काढायला."

मला वाटलं आता आई बोलेल, शंबे बोलेल. बोलायलाच हवं होतं. आई एवढंच म्हणाली, "म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"तुम्हाला काय होणार मावशी?" शंबे अंग झाडत उठला. "आजारी गाडी आहे."

आई चक्क हसली. मग डोक्यावरची ओढणी सावरून म्हणाली, "मग लवकर कर बाबा. शम्सा वाट बघत असेल."

मग निवड झाली, ती तिनेच केली. साडेतीन इंची पाइपाला शंबेने हातच लावू दिला नाही. म्हणाला, "तुझ्या टर्बोला आवरणारी झडप लहान आहे. पाइप एवढा मोकळा केलास तर दाब हाताबाहेर जाईल, मग इंजिन खांद्यावर घेऊन फिर. तीन इंच पुरे." टर्बोमागचा पाइप गुळगुळीत वळणाचा, त्याच्यापुढे तो वाकणारा तुकडा, धूर शुद्ध करणारा डबा जागेवर, भोकाला नवं रबर. राहिला शेवटचा सायलेन्सर. तीन होते. शंबेने एकेक पट्ट्याने तात्पुरता बांधला, आई मागे बसली, मी रस्त्यावर दोन फेऱ्या मारायच्या. पहिल्याला ती म्हणाली, "हा तुझ्यासारखा आहे, नुसता ओरडतो." दुसऱ्याला, "हा कानात घुमतो, दात हलतात." तिसऱ्याला ती काही बोललीच नाही. आरशात पाहिलं तर जपमाळ हातात धरून डोळे मिटलेले.

"हाच," शंबे म्हणाला.

आणि सांगतो, गाडी पूर्वीपेक्षा जास्त पळते. वर मुकी! सुरुवातीला मला चुकल्यासारखं व्हायचं.

त्यानंतरच्या शुक्रवारी फंजाचा चढ आला तेव्हा मी आरशात आईकडेच बघत होतो. "आई, डोकं?" मी विचारलं. ती म्हणाली, "डोकं ठीक आहे, तू समोर बघ." मी रस्ताभर रडत गाडी चालवली, लपवलं नाही. समाइलला ती स्वतःच्या पायाने उतरली, बहिणीच्या उशाशी बसली आणि दोघी संध्याकाळपर्यंत कुणाकुणाच्या कुचाळक्या करत बसल्या. लुबान आता आई अंगणात जाळते, गाडीत नाही.

असे अकरा शुक्रवार मिळाले. बाराव्याच्या आधी, मंगळवारी पहाटे, शम्सा मावशी गेली. आई तिच्या जवळच होती, कारण सोमवारीच तिने हट्ट धरला होता, "आज ने मला," आणि मी नेलं होतं.

तिसऱ्या दिवशी शंबे समाइलला आला. पायघोळ, पांढरा स्वच्छ दिशदाशा अंगात, डोक्यावर नवी टोपी, मी ओळखलंच नाही आधी. पुरुषांत बसला, कॉफी घेतली, खजूर खाल्ला, दुवा म्हटली. निघताना आई दारापर्यंत आली. तिने त्याचं डोकं धरलं आणि कपाळाचं चुंबन घेतलं. म्हणाली, "शंबे, अकरा शुक्रवार मी माझ्या बहिणीचा हात हातात धरला. अल्लाह तुझ्या आईलाही तसाच हात देवो."

शंबेने मान खाली घातली. मी काहीतरी बोलायला पुढे झालो. बाजारात शंभर माणसांवर ओरडणारा मी, पण साधे दोन शब्द बाहेर येईनात.

त्यानेच माझी सुटका केली. "गाडी चालू कर," म्हणाला.

मी चालू केली. तो तिथेच धुळीत गुडघ्यावर बसला, पांढऱ्या दिशदाशासकट, आणि उजवा कान गाडीच्या पोटाला लावला. बराच वेळ तसाच होता.

"काय ऐकू येतंय उस्ताद?"

"काही नाही," तो उठला, गुडघे झाडले. "आईला घरी घेऊन जा."