ताराचंदकाकांची पंधरा मिनिटं

ताराचंदकाकांचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. माणूस सोन्यासारखा आहे, पण दुसऱ्याचं ऐकून घेईल तर शपथ!

सालेकशात माझं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, जातीचा दाखला, परीक्षेचे फॉर्म, सगळं करतो. काका राहतात दरेकशाला, एक स्टेशन पुढे. पस्तीस वर्षं रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात होते. जंगलातल्या लाइनी सांभाळल्या, स्टेशनचे फोन दुरुस्त केले. कुसुमकाकूंना जाऊन दोन वर्षं झाली, मुलगी रश्मी बंगळुरूला. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा पॅसेंजर धरून माझ्या दुकानात येतात. काम काही नसतं. स्टूल ओढतात आणि नेटच्या स्पीडवरून मला अक्कल शिकवतात.

"आमच्या वेळी चौसष्ट किलोबिटमंदी पुरा मानूस बोलत होता, गजेंद्र. तुमाले शंभर मेगाबिट भी पुरत नाही!" हे मी शंभरदा ऐकलं असेल.

औंदा रश्मीला मुलगी झाली. नामकरण मार्चमधल्या एका रविवारी ठरलं. "बाबा, फ्लॅट लहान आहे, सासरची माणसं भरलीत. तुम्ही पुढच्या महिन्यात निवांत या," असं तिनं फोनवर सांगितलं. काका "बरं बेटा" म्हणाले, झालं. पण तिनं एक गोष्ट मागितली. काकांच्या पुतण्याच्या मुलीच्या नामकरणात कुसुमकाकूंनी पाळणा म्हटला होता आणि कोणीतरी चांगल्या कॅमेऱ्यानं तो घेतला होता. तो व्हिडिओ पाठवा, चार वाजता बाळाला पाळण्यात घालताना मोठ्या टीव्हीवर आजीचाच पाळणा लावू. नातीच्या नामकरणात काकांचा वाटा काय तो तेवढाच.

त्या रविवारी दुपारी तीनला काका आले. दाढी घोटलेली, पांढरा शर्ट इस्त्रीचा. जसे काही स्वतःच कार्यक्रमाला निघालेत. खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"व्हॉट्सॲपवर टाकू का?" मी विचारलं.

"तिथं आवाज पिचकते. जशी हाये तशी पाठव."

फाइल होती अठराशे एमबीची. माझ्या लाइनचा डाउनलोड झकास, पण अपलोड मरतुकडा, दोनच मेगाबिट. काकांनी एका जुन्या फॉर्मच्या मागे आकडेमोड केली. अठराशे भागिले दोन, नऊशे सेकंद.

"पंधरा मिनिटं. सव्वातीनले पोचली समज."

"काका, आठनं गुनावं लागते ना! फाइल बाइटमंदी हाये, लाइन बिटमंदी. एका बाइटात आठ बिट. दोन तास लागतीन."

काका माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांची पेन्शन बंद केली. "तू मले लाइन शिकवून राहिला का? दोन मेगाबिटची लाइन म्या या हातानं चालवली. तारेतून बिट जाते, बाइट नाही जात. काऊन गुनू?"

त्यांचं तरी काय चुकलं? आयुष्यभर चौसष्ट किलोबिटचा चॅनल, दोन मेगाबिटची लाइन, एवढंच मोजलं. त्यांच्या खात्यातल्या कोणत्याही जुन्या माणसानं हाच भागाकार केला असता. फाइलचं माप वेगळं असतं हे त्यांच्या कामात कधी आलंच नाही.

"मी फाइल छोटी करून देतो," मी म्हटलं. "पस्तीस मिनिटांत सगळं होऊन जाईन."

"कायले छोटी करतो? लाव म्हटलं ना!"

मी लावली. आणि इथं मी माती खाल्ली. बाजूचा कॉम्प्युटर रिकामा होता. गुपचूप तिथं छोटी फाइल करून ठेवता आली असती. पण माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, मरू दे! एकदा पडू दे म्हाताऱ्याला तोंडावर. आणि मी एका पोरीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरत बसलो. ती गोष्ट आजही मला खुपते.

सव्वातीनला स्क्रीनवर बारा टक्के.

"तुहा टक्का चुकून राहिला," काका म्हणाले.

साडेतीनला पंचवीस. तीन चाळीसला काकांनी तो कागद पुन्हा ओढला. पेन हातात धरून बसून राहिले, लिहिलं काहीच नाही.

"गजेंद्र, फाइल बाइटमंदीच मोजते का?"

"हो काका."

"सगळेच?"

"सगळेच."

आता छोटी करायलाही वेळ उरला नव्हता. जिंकलो होतो म्हणे मी! आग लागो असल्या जिंकण्याला.

चारला रश्मीचा फोन आला. काका म्हणाले, "येऊन राहिला बेटा, रस्त्यात हाये." दहा मिनिटांनी पुन्हा फोन. मागे टाळ्या, बायकांचा गलका. "असू द्या बाबा. आईचा फोटो ठेवला समोर. मोबाइलवरचा एक पाळणा लावला आम्ही. मी नंतर पाहते निवांत."

काका हलले नाहीत. पाच वाजता शंभर टक्के झाले, तेव्हा मी रश्मीला लिंक पाठवली, एक काकांनाही.

"पोचली ना?"

"पोचली."

ज्या साइटवर फाइल चढवली, तिथं ती किती वेळा उघडली हे दिसतं. दुसऱ्या दिवशी काका आले, स्टूल न ओढता उभ्यानंच विचारलं. शून्य. गुरुवारी शून्य. पुढच्या आठवड्यात शून्य.

"लेकरू लहान हाये काका, सवड नसन भेटत."

"तेच तं म्या म्हनतो."

हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं, नुसते स्क्रीनकडे बघून परत जायचे. मग येणंही बंद झालं. स्टूल रिकामं बघून मला दुकानात करमेना. रश्मीला फोन लावून चांगलं झापावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी कच खायचो.

एप्रिलमध्ये एका सकाळी बघतो तर शून्याच्या जागी एक! मी शटर अर्धं ओढलं, गाडीला किक मारली आणि दरेकसा गाठलं. काका अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांजवळ बसले होते, हातात मोबाइल.

"काका, उघडली! पायली ना रश्मीनं!"

ते उठले नाहीत.

"म्याच पायली रे."

"तुमी? अन् तो पेन ड्राइव्ह घरी पडून हाये ना!"

"हाये. त्यात तं रोजच पायतो. पन तिथं पायलेलं कुठं लिवल्या जात नाही," काका म्हणाले. "महिना झाला गजेंद्र, कुसुमसमोर शून्य लिवून होता. मले सहन नाही झालं."