बाबलीकाकाची जागा ढगात गेली

शिरा पडो त्या कंपनीच्या तोंडार! मी मासळी बाजारात बसणारी बाई, माझं तोंड वाईटच. पण तुळसाचं जे झालं ते गोड शब्दांत सांगायला मला जमणार नाही.

तुळसा माझी शेजारीण, बाबलीकाकाची एकुलती लेक. काकाने उभा जन्म मालवणच्या समुद्रात सुरमई मारली. पाण्याखाली एक खडप आहे, म्हणजे खडकाळ जागा, तिथे सुरमई हमखास लागायची, आणि ती जागा फक्त काकाला माहीत. सख्ख्या भावालाही त्याने सांगितली नाही. म्हातारपणी होडीवर जीपीएसचं मशीन आलं, त्यात ती भरून ठेवली. मग लकवा मारला आणि वाचाच गेली. तेव्हापासून खलाशी ठेवून, डिझेल-बर्फाचं बघून होडी तुळसाच चालवायची. सगळं घर त्या एका जागेवर.

तिला एकच घोर. "प्रेमाताय, मशीन पाण्यात पडली तर? बाबांका तर बोलूक येणा नाय."

२००९ साली आमच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन निकेत मुंबईच्या एका कंपनीचा माणूस घेऊन आला. म्हणे, सगळ्या होड्यांच्या जागा आमच्या कम्प्युटरवर ठेवा, याला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. मशीन बुडलं तरी जागा शाबूत, आणि फुकट! मी म्हटलं, "ढगात ठेवलेला पावसाळ्यात खाली पडतला." सगळे हसले आणि सह्या करून मोकळे झाले. करार इंग्रजीत, चांगला जाडजूड. वाचला कोणी? निकेतनेसुद्धा नाही. फुकट ते पौष्टिक! तुळसानेही सही केली. तिला जागा जपायची होती हो, दुसरं काय?

पुढच्याच हंगामात परक्या बंदरातल्या घेराच्या जाळ्यांच्या मोठ्या पर्ससीन बोटी आल्या. इकडे नाही, तिकडे नाही, नाकासमोर थेट त्या खडपावर. जाळं फिरवलं आणि सुरमईचा थवाच्या थवा उचलून नेला.

तुळसा सोसायटीत गेली, मी सोबत होते. निकेत शुद्ध मराठीत म्हणाला, "तुळसाबाई, कंपनीने माहिती विकली हे खरं. पण करारात तशी मुभा आहे. तुम्ही मान्य केलंय."

"मगे माझी जागा काडून टाक."

"आपल्या यादीतून काढता येईल. पण कंपनीकडची प्रत कंपनीकडेच राहणार. तेही करारात आहे."

असा संताप आला! मेल्यांनो, मग खुर्च्या कसल्या उबवता?

तुळसा रडली नाही. करार उचलला आणि कुडाळच्या वकिलाकडून ओळ न् ओळ समजून घेतला. नारळी पौर्णिमेला सगळा गाव धक्क्यावर जमला. समुद्राला नारळ द्यायच्या आधी आमच्यात गाऱ्हाणं घालतात. एकाने देवापुढे बोलायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तुळसा धक्के मारत पुढे गेली.

"बा दर्याराजा, कंपनीन आमच्या जागा कोणाकय इकल्यान, तर आमची हरकत नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे ओरडले.

"कंपनीन दुकान बंद केल्यान आणि सगळा बुडाला, तर ती जबाबदार नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"भांडूचा झाला तर आमी परमुलखातल्या कोर्टात जावचा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज माझ्या बापाशीची जागा गेली, उद्या हेंची सगळ्यांची जाऊ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

सगळा धक्का गप्प.

"कित्याक गप झालास?" तुळसा कडाडली. "ह्याच लिवलेला आसा त्या कागदात! सह्या करताना पण असेच आराडलास!"

निकेतने हातातला नारळ तुळसाकडे दिला. पुढे सोसायटीने कंपनी सोडली. जागा मात्र कंपनीकडे राहिल्याच.

आता तुळसाची होडी बरेचदा रिकामी येते. मग ती माझ्या पाटीतून एक सुरमई घेते आणि खाटेवरच्या बापाला नेऊन दाखवते. काकाची बोटं हलतात, डोळे विचारतात.

"व्हय बाबा," ती म्हणते, "आपल्याच जागेवरची."

आणि त्यात खोटं काहीच नसतं. त्या पर्ससीन बोटींचा माल टेम्पोने आमच्या बाजारात येतो, आणि तोच मी तिला विकते.